भाऊजींना मिळणाऱ्या अनुदानात आमचा वाटा किती?

ऐरोलीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील काढून, थोडं आखडून देते.

«मी महापालिकेच्या शाळेत कायम शिक्षिका आहे. माझे मिस्टर महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर्सला आहेत. सासर मुरबाड तालुक्यात. सासरे 2016 साली गेले. तेव्हा वारसनोंद होऊन सासूबाई, थोरले दीर, मिस्टर आणि नणंद अशी चार नावं सातबाऱ्यावर लागली. जमीन अडीच एकर. त्यात दोन एकर भाताची, बाकी वरचा माळ. कसतात भाऊजी. आम्हाला दरवर्षी दिवाळीनंतर पन्नास किलो तांदूळ येतो, बाकी काही नाही.

2019 मध्ये भाऊजींनी मिस्टरांचं आधार कार्ड आणि गावच्या बँकेतल्या जुन्या खात्याचं पासबुक मागून नेलं. त्या खात्यात पीएम किसानचे सात हप्ते, म्हणजे 14,000 रुपये जमा झाले आणि भाऊजींनीच ते एटीएममधून काढले, हे आम्हाला आत्ता कळलं. तेही मिस्टर आयकर भरतात म्हणून वसुलीची नोटीस आली तेव्हा. महसुली थकबाकीसारखी वसुली करू असं तिच्यात लिहिलंय. भाऊजी म्हणतात, अशी नोटीस आधीही आली होती, मी ठेवून दिली, कोण येतंय वसूल करायला! त्यांना स्वतःला केंद्राचे आणि राज्याचे मिळून वर्षाला 12,000 मिळतात, सासूबाईंचे वेगळे, शिवाय भाताचा बोनस. आता माळावर आंब्याची कलमं लावायला अनुदान आहे म्हणून संमतीपत्रावर आमची सही हवी आहे. मी मिस्टरांना सही करू नका म्हटलं. गणपतीत यावरून घरात चांगलंच वाजलं. या सगळ्या अनुदानात कायद्याने आमचा वाटा किती? 14,000 आम्ही का भरायचे? आणि एकदाची वाटणी करून मोकळं व्हावं का?»

ताई,

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याला मुदत आहे. 14,000 रुपये भरून टाका, याच महिन्यात. ते पैसे तुमचे नव्हते, भाऊजींचेही नव्हते. तुमच्या घराला ते मिळायलाच नको होते.

पीएम किसानचा नियम असा आहे. 1 फेब्रुवारी 2019 रोजी ज्याच्या नावावर शेतजमीन होती त्या शेतकरी कुटुंबाला वर्षाला 6,000 रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्यांनाच होते, त्याच वर्षी जूनपासून ती मर्यादा काढली. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. या कुटुंबातल्या कुणीही मागच्या आकारणी वर्षात आयकर भरला असेल तर ते अख्खं कुटुंब बाद. तुमचे मिस्टर तिथे अडकले. पण ताई, तुम्ही स्वतःकडे पाहिलंच नाहीत. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कायम कर्मचारीही याच यादीत आहेत, फक्त चतुर्थ श्रेणीतल्यांना सूट आहे. तुम्ही महापालिकेच्या कायम शिक्षिका. म्हणजे मिस्टरांनी एक रुपया कर भरला नसता तरी तुमच्या नोकरीमुळे हे हप्ते चुकीचेच ठरले असते. हे मुद्दाम सांगते, कारण नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर लागत नाही, मग आता आम्ही परत पात्र झालो का, असं विचारणारी पत्रं मला कळवा-डोंबिवलीपासून येत असतात. काहींच्या बाबतीत तो प्रश्न रास्त आहे, कारण रिटर्न भरणं वेगळं आणि कर भरणं वेगळं. तुमच्या बाबतीत तो उद्भवतच नाही.

भरायचं कसं? नोटिशीत तहसील कार्यालयाने खाते क्रमांक दिला असेल तर तिथेच भरा. नसेल तर पीएम किसानच्या संकेतस्थळावर रक्कम परत करण्याची सोय आहे, आधार क्रमांक टाकला की किती हप्ते आले ते दिसतं. पावतीच्या दोन प्रती काढा. एक मुरबाडला तहसीलमध्ये, एक तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि दोन्ही ठिकाणी आपल्या मूळ पावतीवर पोच घ्या. त्याच संकेतस्थळावर लाभ स्वेच्छेने सोडण्याचाही पर्याय आहे, तोही करून टाका. नाव यादीत लोंबकळत राहू देऊ नका.

कोण येतंय वसूल करायला, असं भाऊजी म्हणतात. कदाचित कोणी येणारही नाही. पण महसुली थकबाकीसारखी वसुली म्हणजे घरी माणूस येऊन दार वाजवतो असं नसतं. जमिनीच्या कागदावर बोजा चढू शकतो, आणि तुमचा सातबारा सामाईक आहे. चढला तर चौघांच्या सातबाऱ्यावर दिसेल. पुढे भाऊजींना सोसायटीचं पीककर्ज काढायचं झालं, तर अडणार तेच. ही गोष्ट त्यांना शांतपणे सांगितली तर ते स्वतःच म्हणतील, भरून टाक बाबा.

आता पैसे काढले त्यांनी आणि भरायचे आम्ही, हा तुमचा राग. तो खोटा नाही. भाऊजींनी दोन गोष्टी वाईट केल्या. भावाच्या खात्यातून त्याला न सांगता पैसे काढले आणि त्याच्या नावाची नोटीस दडवून ठेवली. पहिली मी एकवेळ समजून घेईन. 2019 मध्ये गावोगावी याद्या घाईघाईत झाल्या, तलाठ्याने सातबाऱ्यावरची नावं घेतली, घरातल्या एकाने सगळ्यांचे कागद नेऊन दिले, आणि कोण कर भरतो हे कुणी विचारलं नाही. तुमच्या मिस्टरांनीही पासबुक दिलं ते डोळे मिटूनच. पण नोटीस लपवणं समजून घेण्यासारखं नाही, आणि ते मिस्टरांनी थोरल्या भावाला तोंडावर सांगायला हवं. तुम्ही नाही, मिस्टरांनी. जावेच्या तोंडून दिरापर्यंत पोचलेली गोष्ट गावात दुसऱ्या दिवशी वेगळीच होऊन फिरते.

तरीही 14,000 तुम्हीच भरा आणि भाऊजींकडे निम्मे मागू नका, असं मी म्हणेन. खातं मिस्टरांच्या नावाचं आहे, अर्ज त्यांच्या नावाचा आहे, जबाबदारी त्यांची. शिवाय दरवर्षीचा तो पन्नास किलो तांदूळ. तुम्ही तो ‘बाकी काही नाही’च्या शेजारी बसवलात. साठ रुपये किलोने धरला तरी वर्षाचे 3,000 झाले, आणि पत्रावरून तरी तुम्ही त्याची किंमत कधी चुकवलेली दिसत नाही. सासरे गेल्यापासूनचा हिशोब मांडला तर 14,000 केव्हाच फिटले. आणि ते गावचं जुनं खातं बंद करा किंवा त्याचं एटीएम कार्ड ऐरोलीत आणून ठेवा.

पहिल्या प्रश्नात तुम्ही ‘या सगळ्या अनुदानात’ असं एकत्र विचारलं आहे. ते एकत्र नाही. प्रत्येक पैशाचा नियम वेगळा, म्हणून वाट्याचं उत्तरही वेगळं.

पीएम किसान हा जमिनीच्या उत्पन्नाचा हिस्सा नाही. एका सातबाऱ्यावर चार नावं असतील तर तो चौघांत वाटला जात नाही. पात्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला पूर्ण 6,000 वेगळे मिळतात. राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी 2023 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला, तोही तेवढाच आणि पीएम किसानच्या यादीवरच चालतो. त्यामुळे भाऊजींचे 12,000 भाऊजींच्या कुटुंबाचे. तुमचं कुटुंब यादीत असतं तरी त्यातला एक रुपया तुमचा नव्हता, आणि यादीत नाही म्हणून भाऊजींचा एक रुपया वाढलेला नाही.

सासूबाईंचे पैसे सासूबाईंचे. त्या विधवा आहेत, त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे, नियमाने त्यांचं कुटुंब वेगळं धरलं जातं. त्या भाऊजींकडे जेवतात म्हणून ते पैसे भाऊजींचे होत नाहीत, आणि तुमचे तर मुळीच नाहीत. त्यांचं कार्ड कुणाच्या खिशात आहे, हे मात्र मिस्टरांनी विचारायला हरकत नाही. महिन्याची औषधं आणि देवळात टाकायला पन्नास-शंभर रुपये म्हातारीच्या स्वतःच्या हातात पडत असतील तर पुढे काही विचारू नका.

भाताचा बोनस हा तिसरा प्रकार. त्याच्याकडे जरा नीट बघू, कारण तुमच्या मनात सगळ्यात जास्त तोच सलतोय असं पत्रावरून दिसतं. राज्य सरकार धान उत्पादकाला प्रोत्साहनपर रक्कम देतं. 2024-25 च्या खरीप हंगामाला ती हेक्टरी 20,000 होती, जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत. त्यासाठी खरेदी केंद्रावर नोंदणी लागते आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या पीकनोंदीत, भात लावल्याची नोंद लागते. म्हणजे पैसा जातो पीक घेणाऱ्याला. दोन एकर म्हणजे सुमारे 0.80 हेक्टर, त्याचे झाले 16,000.

आता दोन एकर भात कसा होतो ते बघू. उन्हाळ्यात राब, म्हणजे रोपांसाठीची जागा पालापाचोळा जाळून भाजायची, पहिल्या पावसाच्या तोंडावर पेरायचं, मग पॉवर टिलरने चिखलणी, मग आवणी, म्हणजे रोपांची लावणी. दोन एकर आवायला तीसेक रोज तरी पडतात. मुरबाडकडे आवणीच्या दिवसांत माणूस मिळणं मुश्किल, सगळ्यांची लावणी एकाच आठवड्यात. पाचशे रुपये रोज, वर दुपारचं जेवण आणि चहा. पंधरा हजार इथेच गेले. बोनस संपला. चिखलणीचं भाडं, बियाणं, खत, बेणणी, कापणी, झोडणी अजून पुढेच आहे. आणि ऑक्टोबरात उभं भात परतीच्या पावसाने लोळवलं तर तेही गेलं. दोन एकरांत बरं पिकलं तर वीस क्विंटल धरा. 2025-26 चा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. सगळं विकलं तरी 47,380. पण सगळं कोण विकतो? वर्षाचं खायचं काढायचं, बियाण्याचं काढायचं, आणि ऐरोलीचे पन्नास किलो काढायचे.

हा हिशोब मी भाऊजींची वकिली म्हणून मांडलेला नाही. तुम्ही शिक्षिका आहात, मे महिन्याच्या सुटीत त्यांच्या शेजारी वही घेऊन बसा आणि त्यांचे आकडे घ्या. माझ्यापेक्षा थोडे इकडेतिकडे होतील. पण अनुदानावर चैन चाललीय असं काही त्यात निघणार नाही, एवढं मी पैजेवर सांगते.

जाता जाता आणखी एक. शेतीला मिळणारी सगळ्यात मोठी मदत भाऊजींच्या पासबुकात दिसतच नाही. युरियाची 45 किलोची गोण त्यांना 266 रुपये 50 पैशांना मिळते, डीएपीची 50 किलोची 1,350 ला. खरी किंमत त्याहून कितीतरी जास्त, वरचा फरक सरकार खत कंपनीला देतं. दुकानात अंगठा लावून गोण घेतली की तिकडे कंपनीचा हिशोब लागतो. याच्यात वाटा मागावा असं कुणालाच सुचत नाही, कारण तो खात्यात ‘जमा’ म्हणून येत नाही. उलट साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना 2024 पासून वीज मोफत झाली, तिचा तुमच्या घराला काडीचा उपयोग नाही, कारण पावसाच्या भाताला पंप कुठला? एक रुपयातला पीकविमा होता, तोही 2025 च्या खरिपापासून गेला. आता भाताला पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या याद्यांमधली प्रत्येक योजना प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात पोचते असं समजू नका. ठाणे जिल्ह्यातल्या कोरडवाहू भातवाल्यापर्यंत त्यातल्या मोजक्याच येतात.

या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसते, आणि ती अशी पत्रं वाचताना सारखीच दिसते. या योजनांमधला बराचसा पैसा कागदावरच्या नावाकडे बघतो, चिखलात कोण उभा आहे हे बघत नाही. तुमच्या घरात नाव चौघांचं, राबणारा एक. त्यामुळे शहरातल्या भावाकडे मागण्यासारखं फारसं काही उरत नाही, पण त्याच्या एका सहीवाचून गावातल्या भावाचं बरंच काही अडतं. तुमच्या हातात आज वाटा नाही, सही आहे. ती तुम्ही रागाने रोखून धरलीत.

म्हणून त्या आंब्याच्या संमतीपत्राबद्दल. सही करा, पण वाचून करा. भाऊजींकडे रोजगार हमीचं जॉबकार्ड असेल तर फळबाग रोजगार हमीतून होईल. नसेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे, 2018 पासूनची. कोकण विभागात, म्हणजे आपल्या ठाण्यातही, तिच्यात 10 गुंठ्यांपासून लागवड बसते. केवळ शेतीवर पोट असलेल्या कुटुंबाला तिच्यात प्राधान्य आहे, म्हणजे अर्ज करायचा तर भाऊजींनीच करायला हवा, मिस्टरांनी करून उपयोग नाही. पैसे एकदम मिळत नाहीत. तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे मिळतात, आणि तेही झाडं जगली तर. पहिल्या वर्षी किमान 80 टक्के, दुसऱ्या वर्षी 90 टक्के कलमं जिवंत दिसली पाहिजेत. मुरबाडच्या माळावर एप्रिल-मेमध्ये डोक्यावरून पाणी आणून कलमं जगवायची, हे काम तुम्ही आणि मी करणार नाही. भाऊजी आणि तुमची जाऊ करणार.

वाचून म्हणजे काय वाचायचं? कागदाच्या डोक्यावर ‘संमतीपत्र’च आहे ना, हे आधी. ‘हक्कसोडपत्र’ असेल तर सही करू नका. मात्र हक्कसोड करायचं तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदणी करावी लागते, तलाठ्याच्या टेबलावरच्या कागदाने हक्क जात नाही. तेव्हा धसका घेऊ नका. मजकुरात गट क्रमांक, लागवडीचं क्षेत्र आणि योजनेचं नाव लिहिलेलं असावं. एक ओळ मी वाढवायला सांगेन: लागवडीचा खर्च आणि मेहनत थोरल्या भावाची, फळांचं उत्पन्न त्यांचं, जमिनीतले चौघांचे हिस्से जसे आहेत तसेच. ही ओळ दोघांच्या कामाची आहे. उद्या आंबा धरू लागला आणि कुणाला एकदम बंधुप्रेमाचा उमाळा आला, तर भाऊजींनाही तिचा आधार होईल.

कसेल त्याची जमीन होईल अशी भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण शहरातल्या निम्म्या लोकांच्या मनात ती असते, म्हणून सांगते. कूळकायद्यात मालकाच्या कुटुंबातला माणूस कूळ ठरत नाही. आणि सामाईक जमिनीवर एका हिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने ताबा मानला जातो. भाऊजींनी नुसती आणखी वीस वर्षं भात लावलं म्हणून मिस्टरांचं नाव उडत नाही.

शेतकरी ओळख क्रमांकाचं काम मात्र मिस्टरांनी उरकावं. राज्यात एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. सातबाऱ्यावर नाव असलेला प्रत्येक खातेदार आपापला काढतो. तुम्हाला हप्ता घ्यायचा नसला तरी काढून ठेवा. आपल्या आधारशी जमिनीची नोंद नीट जुळते का, नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, हे त्यातच तपासून होतं. फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीत, ‘दत्तात्रय’ आणि आधारवर ‘दत्ता’ असं असलं की पुढे दहा ठिकाणी अडतं.

राहिली वाटणी. करू नका असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज करून वाटप होतं, राजी नसतील तर दिवाणी कोर्ट. पण अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे, चौघांत पंचवीस-पंचवीस. पंचवीस गुंठ्यांत भात कसा परवडेल? तुमचा तुकडा कोण लावणार? तुम्ही तर नाही. म्हणजे एकतर तो पडीक राहील, नाहीतर तिथेही भाऊजीच येतील, फक्त तेव्हा तुम्ही तांदूळ मागायला थोडं बिचकाल. जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या तुकडेबंदीच्या नियमात तो तुकडा बसतो का हे विचारावं लागेल ते वेगळंच.

स्पष्ट विचारते, रागावू नका. वाटणी हप्त्यांसाठी हवी आहे की जमिनीच्या भावासाठी? कल्याण-मुरबाड रेल्वेची चर्चा सुरू झाल्यापासून त्या रस्त्याला प्लॉटवाल्यांचे फलक वाढलेत. सुटीला गावी गेलेला माणूस ते वाचतोच. तसं असेल तर तो वेगळा विषय आहे, भावाभावांनी बसून उघडपणे बोलावा, पीएम किसानच्या आडून नको. तुम्ही ऐरोलीत राहता. तिथल्या जुन्या गावठाणातल्या एखाद्या आजोबांना विचारा. 1984 च्या जासईच्या लढ्यानंतर, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी झगडून मिळवलेले, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड वारसांच्या भांडणात किती वर्षं अडकून पडले, हे ते बसल्या बसल्या सांगतील. तिथे निदान भूखंडाचा प्रश्न होता. तुम्ही दोन-दोन हजारांच्या हप्त्यांवर आला आहात.

भाऊजींकडून रास्तपणे मागता येईल असं काही आहे का? आहे. गावच्या पत्त्यावर मिस्टरांच्या नावाने जो कागद येईल त्याचा फोटो त्याच दिवशी पाठवायचा. सातबारा तर आता ऑनलाइन दिसतो, वर्षातून एकदा तुम्हीच काढून बघा, त्यासाठी त्यांना विचारावंही लागत नाही. बोनस कुणाच्या नावाने नोंदवला तेही कळलं पाहिजे, कारण पुन्हा नोटीस यायला नको. यापलीकडे मागू नका. आणि आवणीच्या आठवड्यात मिस्टरांना दोन दिवस रजा टाकून पाठवता आलं तर पाठवा. दोन रोज वाचतील, आणि नोटीस दडवल्याचं जे बोलायचं आहे ते ऐरोलीहून फोनवर बोलण्यापेक्षा बांधावर बसून बोललेलं बरं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात सुटली आहे. नणंदेचं नाव एकदा आलं, सातबाऱ्याच्या ओळीत, नंतर कुठेच नाही. तिच्या नावाने कधी अर्ज केला होता का? तिचं नाव 2016 पासून कागदावर आहे, म्हणजे 1 फेब्रुवारी 2019 च्या अटीत ती बसते. तिच्या घरी कुणी आयकर भरत नसेल, कायम सरकारी नोकरीत किंवा महिना 10,000 किंवा त्याहून जास्त पेन्शनवर नसेल, आणि सासरच्या जमिनीवर तिच्या नवऱ्याला हाच हप्ता आधीच मिळत नसेल, तर या चौघांत सासूबाई आणि भाऊजींखेरीज खरी हक्कदार तीच आहे. तिला फोन करा. आधी शेतकरी ओळख क्रमांक काढायला सांगा, मग पीएम किसानच्या संकेतस्थळावर किंवा जवळच्या सेवा केंद्रावर नवी नोंदणी, सोबत सातबारा, वारसाचा फेरफार, नवरा-बायको दोघांचं आधार आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. खातं तिच्या स्वतःच्या नावाचं आणि कार्ड तिच्या पर्समध्ये. मागचे हप्ते मिळणार नाहीत, नोंदणीपासूनचे पुढचे मिळतील.